सुनंदाचं वऱ्हाड आणि तापलेला ट्रॅक्टर

आमच्या घराण्यात आजवर एकच लग्न इंजिन तापल्यामुळे अडलं, आणि त्या दिवशी इंजिन तपासायचं काम माझ्याकडे होतं.

बापूकाका गेले त्याला आता पंधरा दिवस होतील. त्यांच्याविषयी काही नीट, गंभीर असं लिहावं म्हणून मी रोज संध्याकाळी वही उघडतो. दोन ओळी होतात. तिसऱ्या ओळीत तो ट्रॅक्टर येऊन उभा राहतो, नाकातोंडातून वाफ सोडत. चार दिवस मी त्याला बाजूला सारून पाहिलं. आज म्हटलं, ये बाबा, आधी तूच ये.

बापूकाका अंबरनाथला एका कारखान्यात फिटर होते. माझे वडील मी सहा वर्षांचा असताना गेले, तेव्हापासून मी त्यांच्याच घरात वाढलो. घर बदलापूरच्या पुढे, नदीकाठच्या गावात. पाळी संपवून आले की काका शेत बघत आणि शेत नसेल तेव्हा ट्रॅक्टर बघत. हा ट्रॅक्टर त्यांनी एका वीटभट्टीवाल्याकडून घेतला होता. त्याने तो विकला की टाकून दिला, यावर गावात दोन मतं होती. ट्रॅक्टरचं वय नक्की कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून सगळे त्याला आदराने ‘आजोबा’ म्हणत.

आजोबांबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलं होतं. मुखपृष्ठ नाही, कडा उंदरांनी खाल्लेल्या, पण बिघाड कसा शोधायचा ती पानं शाबूत. काकांना इंग्रजी येत नव्हतं आणि मला पाना कुठल्या बाजूने फिरवायचा ते कळत नव्हतं. तेव्हा आमची वाटणी ठरलेली होती. काका म्हणत, "अवि, तू वाच, मी फिरवतो."

इथे आमच्या घरची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातूनच झाला. आजोबांनी (खऱ्या, ट्रॅक्टर नव्हे) धम्म स्वीकारला तेव्हा घरातले देव नदीला दिले, अंगारेधुपारे बंद केले आणि देव्हाऱ्याच्या फळीवर पुस्तकं मांडली. तेव्हापासून आमच्याकडे शिकलेल्या माणसाचं म्हणणं शेवटचं. मी उल्हासनगरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. म्हणजे फळीवर पुस्तकं होती आणि पुस्तकांच्या शेजारी, कुणाच्या लक्षात न येता, मला बसवलं होतं! माझा विषय वनस्पतिशास्त्र होता, ही गोष्ट कुणालाच महत्त्वाची वाटत नसे. मलाही नाही.

तर सुनंदाचं लग्न. सुनंदा म्हणजे काकांची एकुलती एक मुलगी, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. दहावीनंतर तिने शाळा सोडली होती आणि त्यानंतर ती आजोबा चालवायला शिकली होती. मुलगा उल्हासनगरचा, मिलिंद. लग्नाचा हॉल तिकडेच. बोलणी झाली तेव्हा मुलाचे मामा, जे सफारी घालूनच जन्माला आले असावेत, म्हणाले,

"तुम्ही लांबून येणार. वऱ्हाडासाठी आम्ही मेटॅडोर पाठवतो."

"कशाला?" काका म्हणाले. "माझी पोर माझ्या गाडीतून येईल. साडेदहाला दारात."

"गाडी म्हणजे... तो बाहेर उभा आहे तो?"

"तोच."

मामा हसले. मोठ्याने नाही, नुसते ओठांच्या एका कोपऱ्यातून. दुसऱ्या दिवसापासून काकांनी आजोबांना रॉकेलने अंघोळ घालायला सुरुवात केली.

आमच्या लग्नांना मुहूर्त नसतो आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण भंतेजींना वेळ असते! त्या रविवारी अकराला आमचं लग्न लावून भंतेजी बरोबर बाराला विठ्ठलवाडीच्या दुसऱ्या लग्नाला निघणार होते. हॉल दोनपर्यंतच. त्यापेक्षा मुहूर्त परवडला. तो निदान उठून दुसऱ्याच्या मांडवात जाऊन बसत नाही.

लग्नाच्या तयारीत माझा वाटा म्हणजे पाटी. पत्र्याचा चांगला तीन फुटी तुकडा आणून मी त्यावर पांढरा रंग दिला, आणि निळ्या अक्षरांत लिहिलं: ‘चि. सौ. कां. सुनंदा आणि चि. मिलिंद, मंगल परिणय’. चार बाजूंना पिंपळपानांची नक्षी. (शिरांसकट. वनस्पतिशास्त्राचा उपयोग झाला तो एवढाच.) आठ दिवस खपलो होतो. सकाळी काका म्हणाले, "ट्रॉलीच्या मागं बांध."

"मागे कशाला? मागून पाहणाऱ्याला काय करायचंय? पाहुणे समोरून बघणार."

"बरोबर हाय," काका म्हणाले. शिकलेल्या माणसाचं म्हणणं! मी पाटी आजोबांच्या तोंडावर, दिव्यांच्या मधोमध, सुतळीने घट्ट आवळून बांधली. चार पावलं मागे जाऊन पाहिलं. छान दिसत होती. सगळं तोंड झाकून गेलं होतं.

मे महिना. साडेआठला निघालो. काका नव्या सफारीत स्टीअरिंगवर (मामांना उत्तर म्हणून शिवली होती, बदामी रंगाची), मी चाकावरच्या पत्र्यावर पुस्तक मांडीवर घेऊन, आणि मागे ट्रॉलीत सतरंजीवर पांढऱ्या साडीतली सुनंदा, काकी आणि तीसेक माणसं, पाण्याच्या कळशा, आहेराच्या पिशव्या. गाणी चालू होती. बदलापूर ओलांडलं आणि काकांनी गाण्याच्या मध्येच मला कोपर मारलं.

"काटा बघ."

तापमानाचा काटा लाल पट्ट्यात शिरला होता. बॉनेटच्या कडांमधून वाफेचा एक बारीक धागा वर जात होता. काकांनी ट्रॅक्टर कडेला घेतला. सव्वानऊ.

"वाच."

मी पान काढलं. ‘इंजिन जास्त तापत असल्यास.’ खाली नऊ मुद्दे. पहिला मुद्दा वाचला: रेडिएटरपुढच्या जाळीवर गवत, भुसा किंवा पालापाचोळा साचून हवेचा मार्ग बंद झाला आहे का, ते पाहावे.

"हे शेतात काम करणाऱ्यांसाठी आहे," मी म्हणालो. "आपण डांबरी रस्त्यावर आहोत. इथे कुठला आलाय भुसा? दुसरा मुद्दा घेऊ."

"घे," काका म्हणाले.

त्या क्षणी मी जाळीकडे न बघता एक लग्न पणाला लावलं होतं, पण ते मला माहीत नव्हतं.

पाटी बांधलेली असताना बॉनेट उघडत नव्हतं. म्हणून मी आधी पाटी सोडली, रंगाला धूळ लागू नये म्हणून उपरण्यात गुंडाळली आणि झाडाला टेकवून ठेवली. मग दुसरा मुद्दा मोठ्याने, मराठी करत, सावकाश वाचू लागलो.

"रेडिएटरचं झाकण उघडून पाण्याची पातळी पाहावी..." इथे पान संपलं. मी बोटाला थुंकी लावून पान उलटलं. "...मात्र इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच."

तोपर्यंत काकांनी झाकण उघडलं होतं! हातात ओलं पोतं होतं म्हणून हात वाचला. पण आतून गंजाचं लाल कारंजं जे उडालं ते पुरुषभर वर गेलं आणि उतरताना सफारी बघूनच उतरलं. बदामी सफारीवर तांबडे ठिपके. काकांनी स्वतःकडे पाहिलं.

"पुढल्या येळी," ते शांतपणे म्हणाले, "शेवट आधी वाच."

इंजिन निवायला वीस मिनिटं गेली. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर ते तडकतं, हे मात्र मी वेळेवर वाचलं. मग वऱ्हाडाच्या दोन कळशा आजोबांना पाजल्या. इंजिन चालू करून पाच मिनिटं घुमवलं. काटा हिरव्यात! "पाणीच कमी होतं," मी निदान केलं. पाटी उपरण्यातून काढली, सुतळीने बांधली, निघालो. काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

चिखलोलीला काटा परत लाल.

दहा वाजले होते. गाणी थांबली होती. मी पाटी सोडून गुंडाळली, झाडाला टेकवली, आणि पुस्तक उघडलं. तिसरा मुद्दा पंख्याचा पट्टा. काकांनी अंगठ्याने दाबून पाहिला. ढिला होता खरा. पाना फिरवून ताणला. चौथा मुद्दा रबरी नळ्यांचा. एकीतून थेंब गळत होता, तिच्यावर काकीच्या पिशवीतली जुनी चिंधी आवळून बांधली. हे सगळं होईपर्यंत सुनंदा ट्रॉलीच्या कडेवर हनुवटी ठेवून आमच्याकडे बघत होती.

"दादा," ती म्हणाली, "ती पाटी..."

"काही झालेलं नाही पाटीला," मी म्हणालो. "रंग सुखरूप आहे. मी गुंडाळूनच ठेवतो."

"तसं नाही रे..."

"सुने!" काकी ओरडली. "नवरी मुलगी ना तू? गप बस. दादा वाचतोय."

इंजिन चालू केलं. दहा मिनिटं पूर्ण वेगाने घुमवलं. काटा हिरव्यात अगदी मधोमध! "पट्टा आणि नळी," मी निदान सुधारलं. पाटी बांधली, निघालो.

अंबरनाथमध्ये शिरताना बॉनेटखालून किटली उकळल्यासारखा आवाज यायला लागला. मागून एक म्हातारी हळूच म्हणाली, "मेटॅडोर पाठवीत होते म्हणं." काकांची मान लाल झाली. त्यांनी ट्रॅक्टर सरळ किशनभाईंच्या गॅरेजसमोर नेऊन उभा केला. पावणेअकरा.

किशनभाई सिंधी. काकांचे जुने ओळखीचे. ते हात पुसत बाहेर आले तेव्हा पाटी मी आधीच सोडली होती, नीट गुंडाळून ट्रॉलीत काकीच्या हातात दिली होती. त्यामुळे त्या माणसाला ती दिसलीच नाही! आजही मला वाटतं, मी त्या दिवशी इतका टापटीप नसतो तर पुढची सव्वा तासाची फरफट वाचली असती.

"क्या हुआ, बापूसाहेब? शादी में आए के होली खेलके?" त्यांनी सफारीकडे बघत विचारलं.

"इंजिन तापतंय, किशनभाई. बाराला भंतेजी जाणार. माझी अब्रू तुमच्या हातात हाय."

"पानी?"

"भरलं."

"पट्टा, नळी?"

"केलं. पोरगा पुस्तकात बघून सांगतोय."

किशनभाईंनी माझ्याकडे आदराने पाहिलं. शिकलेल्या माणसाचा आदर ही त्या दिवशीची साथच होती. "पाचवा मुद्दा थर्मोस्टॅट," मी जाहीर केलं. "म्हणजे पाणी गरम झालं की उघडणारी झडप. ती अडकली तर पाणी रेडिएटरकडे जातच नाही."

"बरोबर बोलतो," किशनभाई म्हणाले. "साईं, हे थर्मोस्टॅट म्हणजे मुफत का झंझट. निकाल के फेको."

त्यांनी ते काढलं. लिंबाएवढी पितळी वस्तू, तिच्यावर गंज. काकांनी ती खिशात ठेवली. इंजिन चालू झालं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. किशनभाईंनी वेग पार चढवला. काटा जागचा हलेना. वऱ्हाडाने टाळ्या वाजवल्या!

"थर्मोस्टॅट," काका तो शब्द चाखून बघत होते. "थर्मोस्टॅट होतं होय!"

मी काकीच्या हातातून पाटी घेतली आणि गॅरेजपासून जरा पुढे गेल्यावर, सावलीत ट्रॅक्टर थांबवायला लावून, ती पुन्हा बांधली. आता उल्हासनगर जवळ आलं होतं. पाहुणे समोरून बघणार होते.

उल्हासनगरच्या हद्दीत, दुकानांच्या रांगेसमोर, आजोबा भर रस्त्यात खोकले, थरथरले आणि बंद पडले. वाफेत आम्ही दोघे एकमेकांना दिसेनासे झालो. अकरा पस्तीस.

मी खाली उतरलो. सवयीने पाटी सोडली. पुस्तक उघडलं. सहावा मुद्दा पाण्याचा पंप. सातवा, हेडचं गॅस्केट. आठवा वाचता वाचता मी थांबलो, कारण काका वाट बघत नव्हते. ते पाना हातात धरून रस्त्याच्या कडेला बसले होते. तांबड्या ठिपक्यांची सफारी, पांढरी पडलेली बोटं. मी त्यांना कारखान्याच्या संपात पाहिलं होतं, वडिलांच्या अंत्ययात्रेत पाहिलं होतं. असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"अवि," ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे आता. सुनीसाठी एक रिक्षा बघ."

"काका, अजून दोन मुद्दे..."

"बघ रिक्षा."

मामांच्या ओठांच्या कोपऱ्यातल्या त्या हसण्याने आमच्या आधी हॉल गाठला होता. मी रिक्षाला हात केला. रिक्षा थांबली. आणि त्याच वेळी मागे धप्पकन आवाज आला. पांढऱ्या साडीचा काष्ट्यासारखा घोळ एका हातात धरून सुनंदाने ट्रॉलीतून उडी मारली होती.

"सुने, चढ वर! लोक बघतायत!" काकी किंचाळली.

"बघू देत. आई, आता गप मी नाही, तू बसायचं." सुनंदा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "दादा, पाटी काढतोस तेव्हा काटा कुठं असतो?"

"हिरव्यात."

"आणि पाटी बांधतोस तेव्हा?"

मी पुस्तकाकडे पाहिलं. पुस्तकाने पहिल्या मुद्द्याकडे बोट दाखवलं.

"त्याच्या नाकावर तीन फुटी पत्रा बांधलास, दादा! वारा आत जाणार कुठनं?"

रिक्षावाला, वऱ्हाडातली तीस माणसं आणि दुकानांतून बाहेर आलेले चार सिंधी शेठ माझ्याकडे बघत होते. एक शेठ हळहळून म्हणाला, "पर राइटिंग बहोत अच्छी है."

काका उठले. मला वाटलं, आता पाना माझ्यावर फिरणार. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, आणि एवढंच म्हणाले, "समोरच्या दुकानातून पाणी आण. निवू दे. आणि पाटी घेऊन ट्रॉलीत बस. पुढं बसू नको."

पुढच्या आठ मिनिटांत ओल्या पोत्यांनी, वाऱ्याने आणि तीस माणसांच्या शिव्याशापांनी आजोबा जेवढे निवता येतील तेवढे निवले. मग निघालो. उघड्या तोंडाने, छाती भरून श्वास घेत, आजोबा असे पळाले की काकीची एक कळशी रस्त्यात राहिली. मी ट्रॉलीच्या कडेला पाटी मांडीवर घेऊन बसलो होतो. सुनंदा आणि मिलिंद ही नावं छातीशी धरून बसलेला तरुण बघून येणारे-जाणारे मला नवरदेव समजून हात जोडत होते. मीही जोडत होतो. सांगणार काय?

हॉलच्या दारात पोहोचलो तेव्हा भंतेजींचा एक पाय स्कूटरच्या पायदानावर होता. बाराला तीन मिनिटं कमी. त्यांनी ट्रॅक्टर पाहिला, नवरीची मळलेली किनार पाहिली, काकांची सफारी पाहिली. पाय खाली घेतला.

"विठ्ठलवाडीवाले थांबतील थोडे," ते म्हणाले.

लग्न लागलं. त्रिसरण-पंचशील चालू असताना काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तेवढं त्या दिवशी आजोबांनाही मिळालं नव्हतं. जेवताना मामा जवळ येऊन बसले. ओठांचा तो कोपरा तयारच होता.

"काय झालं होतं हो गाडीला?"

मी घास खाली ठेवला. काकांनी खिशातून ती पितळी वस्तू काढून मामांच्या ताटाशेजारी ठेवली.

"थर्मोस्टॅट," ते म्हणाले. "आमचा अवि हुशार. पुस्तकात बघून शोधून काढलं त्यानं."

मामांनी ती वस्तू हातात घेऊन उलटसुलट पाहिली. माझ्याकडे पाहिलं. ओठांचा कोपरा हळूच सरळ झाला. पुढे कित्येक वर्षं ते कुठे भेटले की विचारत, "काय प्रोफेसर, थर्मोस्टॅट कसा आहे?" आणि मी दर वेळी खरं काय ते सांगायचं ठरवून सांगत नसे.

परवा, काकांच्या जलदानविधीला, सांगायचं असं पक्कं ठरवून गेलो होतो. अंगणात स्वयंपाक चालला होता. नदीकडून वारा सुटला होता आणि चुलीचा जाळ आडवा होत होता. भाताचं पातेलं काही केल्या तापेना. काकी दारातून म्हणाली, "अरे, ती पाटी आणा की."

कुणीतरी पडवीतून पाटी आणून चुलीला टेकवली. मागून पार काळी पडलेली. पुढून निळी अक्षरं, पिंपळपानं, शिरांसकट. जाळ सरळ उभा राहिला.

मी काकीकडे पाहिलं.

"ह्यांनीच ठेवलेली," ती म्हणाली. "शेतावर चहा करायचा तर हीच न्यायची. म्हणायचे, वारा अडवायला हिच्यासारखी वस्तू नाही, आपण स्वतः बघितलंय. पुसून ठेवायचे दर वेळी. मला हात लावू द्यायचे नाहीत."

शेजारी मामा बसले होते, काठी घेऊन, आता पार थकलेले. मी घसा साफ केला. "मामा, तो थर्मोस्टॅट..."

"अहो मामा," सुनंदा भात ढवळत म्हणाली, "तो काय तुमचा थर्मोस्टॅट. चुलीला टेकवलाय."

मामांनी पाटी वाचली, मग माझ्याकडे पाहिलं. ओठांचा तो कोपरा, इतक्या वर्षांनी, परत हलला.

मी बी.एस्सी. झालो, एम.एस्सी. झालो, निवृत्त होईपर्यंत पोरांना शिकवलं. त्या शिकवण्याचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. पण माझ्या हातचं एक काम आजही चोख चालू आहे: त्या पाटीच्या आडून वाऱ्याची झुळूकसुद्धा जात नाही.